ख्रिस्ती रहस्यकथा आणि वाचकाची श्रद्धा

— द्वितीय वर्ष, कला

रहस्यकथा म्हटली की आपल्यापुढे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड उभा राहतो. सुट्टीत, प्रवासात किंवा परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून आल्यावर वाचावयाचे आणि वाचून होताच मित्राच्या हाती द्यावयाचे, असे हे वाङ्मय आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. उलट धार्मिक पुस्तक म्हणजे सावकाश, काहीशा गंभीर चेहऱ्याने वाचावयाचे पुस्तक. या दोहोंची कधी गाठ पडेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. इंग्रजी साहित्यात मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ही गाठ अनेकदा पडलेली आहे. कुठे खुनाचा तपास धर्मगुरू करतो, कुठे पोलीस धर्मगुरूच्या मागावर असतात, तर कुठे जगाचा अंतच कथेचे रहस्य होऊन बसतो.

अशा कथांचा वाचकाच्या श्रद्धेवर काय परिणाम होतो, हा या लेखाचा विषय आहे. हा प्रश्न मला केवळ अभ्यासापुरता पडलेला नाही. माझे घर नगरकडच्या एका खेड्यातील मराठी ख्रिस्ती घर आहे. बायबल आणि ‘उपासना संगीत’ एवढीच पुस्तके ज्या घरात होती, त्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती ग्रंथालयातून जेव्हा या कादंबऱ्या येतात, तेव्हा घरचे वडीलधारे एक रास्त प्रश्न विचारतात : “खून आणि पाठलाग वाचून श्रद्धा वाढते की घटते?” या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. सगळ्या ख्रिस्ती रहस्यकथा एका जातीच्या नाहीत, हे त्याचे कारण. त्यांच्यात कोणता फरक आहे आणि तो ओळखावा कसा, हे पुढे पाहावयाचे आहे.

रहस्य : दोन अर्थ

‘रहस्य’ या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. रहस्यकथेतील रहस्य हे कुलुपासारखे असते. किल्ली सापडली, कुलूप उघडले, की त्याचे काम संपते. खुनी कोण हे एकदा समजल्यावर तीच कथा पुन्हा वाचण्याची उत्सुकता सहसा राहत नाही. श्रद्धेतील रहस्य मात्र विहिरीसारखे असते. जितके पाणी उपसावे तितके नवे झरे लागतात. देव मनुष्य का झाला, निरपराध माणसाला दुःख का भोगावे लागते, पापी माणसाला क्षमा का मिळावी, ही रहस्ये उलगडून संपत नाहीत.

तेव्हा प्रश्न असा की, पहिल्या प्रकारचे रहस्य दुसऱ्या प्रकारच्या रहस्यापर्यंत वाचकाला नेऊ शकते काय? बायबल वाचणाऱ्याला याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात दावीद राजाची हकीकत आहे. दावीदाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारविले. नाथान संदेष्टा राजापुढे येतो, पण आरोप करीत नाही. तो एक गोष्ट सांगतो : एका श्रीमंताने पाहुण्यासाठी आपल्या कळपाला हात न लावता गरिबाची एकुलती एक कोकरी मारली. राजा संतापतो आणि त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा द्यावी असे म्हणतो. तेव्हा नाथान त्याला सांगतो की तो माणूस तूच आहेस. येथे गुन्हा आहे, न्यायाधीश आहे, आणि शेवटी न्यायाधीशच गुन्हेगार ठरतो. आधुनिक रहस्यकथेतील अत्यंत कुशल अशी कलाटणी याहून वेगळी नाही.

कॅथलिक बायबलमध्ये दानीएलाच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय म्हणून सुसन्नेची कथा येते. दोन वडील तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात. तरुण दानीएल त्या दोघांना एकमेकांपासून दूर नेऊन एकच प्रश्न विचारतो : हे कोणत्या झाडाखाली घडले? दोघे दोन वेगळी झाडे सांगतात आणि खोटेपणा उघडा पडतो. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९२८ साली रहस्यकथांचे मोठे संकलन केले, तेव्हा या कथेलाही त्यात स्थान दिले. म्हणजे साक्षीदारांची उलटतपासणी हे तंत्र धर्मग्रंथाला परके नव्हते.

याहीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे बायबलातील काही कथा शेवट न सांगताच थांबतात. योनाचा ग्रंथ देवाच्या प्रश्नाने संपतो. योनाने काय उत्तर दिले ते आपल्याला कळत नाही. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात धाकटा मुलगा घरी येतो, मेजवानी सुरू होते, परंतु थोरला भाऊ रुसून बाहेर उभा असतो. बाप त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही? लूकने ते लिहिलेले नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या अत्यंत जुन्या दोन हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीपाशीच मजकूर संपतो. रिकामी कबर पाहून स्त्रिया भयभीत होऊन पळतात आणि पुढे शब्द नाहीत. येथील उत्कंठा कथेत मिटत नाही, ती ऐकणाऱ्याकडे सोपविली जाते. थोरल्या भावाने काय केले हे सांगितलेले नाही, कारण त्या जागी ऐकणारा स्वतः उभा आहे.

ही कसोटी मनात ठेवून आता तीन प्रकारच्या कथा पाहू.

फादर ब्राऊन : स्वतःच्या मनात शिरणारा गुप्तहेर

गिल्बर्ट कीथ चेस्टरटन (१८७४–१९३६) या लेखकाची फादर ब्राऊन ही पहिली कथा १९१० साली प्रसिद्ध झाली आणि १९११ मध्ये ‘द इनोसन्स ऑफ फादर ब्राऊन’ हा पहिला संग्रह निघाला. पुढे १९३५ पर्यंत आणखी चार संग्रह आले. शेरलॉक होम्स उंच, तीक्ष्ण नजरेचा, सिगारेटच्या राखेवरून माणूस ओळखणारा. फादर ब्राऊन याच्या अगदी उलट : ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, हातातील छत्री वारंवार खाली पाडणारा एक साधा धर्मगुरू. त्याला पाहून कोणालाही वाटावे की या भाबड्या माणसाला जगातील दुष्टपणा काय ठाऊक असणार!

हे पात्र चेस्टरटनला कसे सुचले याची हकीकत त्याने आत्मचरित्रात दिली आहे. फादर जॉन ओकॉनर या धर्मगुरूशी बोलताना त्याच्या लक्षात आले की, या गृहस्थाला गुन्हेगारी जगाची आपल्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती आहे. लोक ज्याच्यापाशी वर्षानुवर्षे पापांची कबुली देतात, त्याला माणसाचे मन ठाऊक असणारच. त्याच दिवशी दोन विद्यार्थी त्या धर्मगुरूविषयी म्हणाले की, असे मठात कोंडलेले आयुष्य चांगले, पण त्याला जगाची काय कल्पना! या विसंगतीतून फादर ब्राऊन जन्मला. त्या वेळी चेस्टरटन कॅथलिक नव्हता. तो १९२२ साली कॅथलिक झाला आणि त्याला स्वीकारताना हेच फादर ओकॉनर हजर होते.

‘द ब्लू क्रॉस’ या पहिल्या कथेत फ्लॅम्बो नावाचा नामांकित चोर धर्मगुरूचा वेष घेऊन फादर ब्राऊनजवळील नीलमण्यांचा क्रूस पळवू पाहतो. फादर ब्राऊन त्याला ओळखतो, आणि ओळखण्याच्या खुणांपैकी एक अशी की, बोलताबोलता त्या तोतया धर्मगुरूने बुद्धीची निंदा केली. खरा धर्मगुरू असे करणार नाही, असे फादर ब्राऊनचे म्हणणे. श्रद्धा म्हणजे विचार करणे थांबविणे, असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांना हे उत्तर आहे. महाविद्यालयात आल्यावर विचार केला तर श्रद्धा जाईल, अशी धास्ती जिथे वारंवार ऐकावी लागते, तिथे ही कथा धीर देते.

माझ्या मते या मालिकेतील सर्वात खोल कथा ‘द हॅमर ऑफ गॉड’ ही आहे. एका गावात दुराचारी कर्नलचा खून होतो. एका लहानशा हातोड्याने डोक्यावरील लोखंडी टोपासकट कवटीचा चुरा झालेला आहे. एवढी ताकद फक्त लोहाराची, म्हणून संशय लोहारावर येतो. प्रत्यक्षात खून केलेला असतो कर्नलच्या सख्ख्या भावाने, आणि तो भाऊ गावचा धर्मोपदेशक आहे. त्याला उंच जागी, चर्चच्या मनोऱ्यावर प्रार्थना करण्याची सवय. एवढ्या उंचीवरून खाली पाहताना माणसे त्याला किड्यांसारखी दिसू लागली, आणि शिक्षा करणे हे देवाचे काम आपलेच आहे असे वाटून त्याने वरून हातोडा सोडला. उंचीने त्या लहान हातोड्याला बळ दिले. म्हणजे गुन्ह्याचे तांत्रिक उत्तर आणि पापाचे आध्यात्मिक उत्तर एकच आहे : उंची. धार्मिक माणसाला पडणारा मोह कोणता, हे प्रवचनाच्या तासाभरात जेवढे समजत नाही, तेवढे या थोड्या पानांत समजते.

हे सारे तुम्हाला कसे कळले, असे तो धर्मोपदेशक विचारतो. फादर ब्राऊनच्या उत्तराचा आशय असा की, मीही माणूसच आहे आणि माझ्याही मनात सगळे सैतान वसतात. ‘द सीक्रेट ऑफ फादर ब्राऊन’ (१९२७) या संग्रहात हीच पद्धत तो स्पष्ट करून सांगतो. खुनी बाहेरून न्याहाळावयाचा नाही, तर आपण स्वतः तो खून कोणत्या मनःस्थितीत केला असता हे आतून शोधावयाचे. एकदा ही वाट दिसली की खुनी कोण ते कळते. शिवाय गुन्हेगार सापडल्यावर त्याला बेड्या घालण्याची फादर ब्राऊनला घाई नसते. त्याने पश्चात्ताप करावा, ही त्याची धडपड असते. पुढे फ्लॅम्बो चोरी सोडून त्याचाच मित्र होतो.

ग्रॅहम ग्रीन : पाठलाग कोण कोणाचा करतो?

ग्रॅहम ग्रीन (१९०४–१९९१) हा १९२६ साली कॅथलिक झाला. तो आपल्या काही हलक्या थरारक कादंबऱ्यांना ‘करमणूक’ असे नाव देत असे. पण पाठलागाचे तेच तंत्र त्याने आपल्या गंभीर कादंबऱ्यांतही वापरले. त्यांपैकी ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०) ही आपल्या विषयाला सर्वात जवळची आहे.

कादंबरीची पार्श्वभूमी मेक्सिकोची आहे. १९२६ नंतर तेथील सरकारने चर्चवर कडक निर्बंध घातले. टाबास्को या राज्यात तर गव्हर्नर टोमास गारिदो कानाबाल याच्या कारकिर्दीत चर्चे पाडली गेली, धर्मगुरूंना लग्न करण्याची सक्ती झाली आणि दारूबंदीही आली. ग्रीन १९३८ मध्ये त्या भागात हिंडला. त्याच्या कादंबरीतील नायक हा असा एक फरारी धर्मगुरू आहे. त्याला नाव नाही. तो दारू पितो, त्याला एक मुलगी आहे, आणि तो भित्रा आहे. त्याच्या मागावर एक लेफ्टनंट आहे, आणि हा लेफ्टनंट दुष्ट नाही. तो प्रामाणिक आहे, गरिबांविषयी त्याला कळकळ आहे, लाच खात नाही. साध्या रहस्यकथेत नायक चांगला आणि शत्रू वाईट असतो. येथे लेखकाने तराजू जाणूनबुजून उलटा धरला आहे.

या कादंबरीतील तीन प्रसंग श्रद्धेच्या दृष्टीने फार बोलके आहेत. पहिला, मिस्सेसाठी चोरून मिळविलेल्या द्राक्षारसाचा. द्राक्षारस विकून देणारे लोक आग्रहाने तेथेच बसतात आणि एकेक पेला करीत सारी बाटली रिकामी करतात. धर्मगुरूला ‘नको’ म्हणता येत नाही, कारण म्हटले तर ओळख पटेल. बाटलीतील रस उतरत जातो तसा वाचकाचा जीव वरखाली होतो. पिस्तूल नाही, पाठलाग नाही, तरी याहून तीव्र उत्कंठा मी कोठे वाचलेली नाही.

दुसरा प्रसंग तुरुंगातील रात्रीचा. अंधाऱ्या, गच्च भरलेल्या कोठडीत तो आपण धर्मगुरू असल्याचे सांगून टाकतो. त्याच्या डोक्यावर बक्षीस आहे आणि कोठडीत चोर-खुनी आहेत. तरी सकाळपर्यंत एकही जण त्याला धरून देत नाही. त्या कोठडीत एक धर्मशील बाईही आहे. आजूबाजूच्या पापी लोकांचा त्याने धिक्कार करावा, असा तिचा आग्रह. तो करीत नाही. सकाळी त्याला न ओळखता लेफ्टनंट सोडून देतो आणि वर दयेने पाच पेसोंचे नाणे हातावर ठेवतो.

तिसरा प्रसंग कादंबरीतील पुस्तकाचा. एक आई आपल्या मुलांना हुतात्म्याचे चरित्र वाचून दाखवीत असते. त्या चरित्रातील तरुण लहानपणापासून निर्दोष, मरताना धीरोदात्त. मुलगा लुईस कंटाळतो. त्याला लेफ्टनंटचे पिस्तूल अधिक आवडते. शेवटी खऱ्या, दारुड्या, घाबरलेल्या धर्मगुरूला गोळ्या घातल्या जातात, तेव्हा तोच मुलगा लेफ्टनंटच्या पिस्तुलावर थुंकतो, आणि रात्री दारावर थाप पडते तेव्हा नव्याने आलेल्या धर्मगुरूसाठी दार उघडतो. गुळगुळीत धार्मिक पुस्तकाने जे साधले नाही ते एका सदोष माणसाच्या मरणाने साधले. धार्मिक वाङ्मय वाचकाला केव्हा भिडते, याविषयी ग्रीनचे मत यात पूर्णपणे आलेले आहे.

हा धर्मगुरू सरहद्द ओलांडून सुरक्षित झालेला असतो. मरणाऱ्या एका गुन्हेगाराला अखेरची कबुली द्यावयाची आहे असा निरोप येतो. हा सापळा आहे हे त्याला कळते, आणि तरीही तो परत जातो. येथे ‘सापडेल की सुटेल?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘जाईल की नाही?’ हा प्रश्न पुढे येतो. लेफ्टनंटशिवाय आणखी कोणीतरी त्याच्या मागावर आहे, हे वाचकाला हळूहळू जाणवू लागते.

सर्वच धर्माधिकाऱ्यांना हे चित्र रुचले नाही. १९५० नंतरच्या दशकात रोमहून या कादंबरीविषयी नापसंती कळविण्यात आली. परंतु १९६५ साली ग्रीन पोप सहावे पॉल यांना भेटला, तेव्हा पोपनी ती स्वतः वाचल्याचे सांगितले आणि टीकेकडे फार लक्ष देऊ नये असे सुचविले.

अमेरिकेतील लोकप्रिय प्रवाह

तिसरा प्रकार अमेरिकेतील आहे आणि खपाच्या दृष्टीने सर्वात मोठा आहे. फ्रँक पेरेटी यांची ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ ही कादंबरी १९८६ साली निघाली. अ‍ॅश्टन नावाच्या एका छोट्या गावावर सैतानी शक्ती ताबा मिळवू पाहतात. एक तरुण पाळक आणि एक वृत्तपत्राचा संपादक त्यांच्याशी झुंजतात. गावावर आकाशात देवदूत आणि दुरात्मे यांच्या तलवारी खणखणत असतात, आणि गावकरी प्रार्थना करतील तसे देवदूतांना बळ येते. दुसरी मालिका टिम लाहे आणि जेरी जेंकिन्स यांची ‘लेफ्ट बिहाइंड’. पहिला भाग १९९५ मध्ये आला. २००७ पर्यंत एकूण १६ भाग झाले आणि सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. लंडनकडे निघालेल्या विमानातून एकाएकी अनेक प्रवासी नाहीसे होतात. आसनांवर फक्त त्यांचे कपडे उरतात. खरे विश्वासणारे देवाने उचलून नेले आहेत. वैमानिक रेफर्ड स्टील याची पत्नी आणि मुलगा गेले, तो आणि त्याची मुलगी मागे राहिले.

या कथांची पकड जबरदस्त आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘लेफ्ट बिहाइंड’ मी अंथरुणावर पडून एका रात्रीत संपविली. नंतरचे काही दिवस घरी आल्यावर अंगणात कोणी दिसले नाही की छातीत धस्स होई, आणि रात्रीची प्रार्थना नेहमीपेक्षा लांब होई. दोनेक आठवड्यांत धसका ओसरला आणि प्रार्थनाही पूर्वीच्या लांबीवर आली. आपल्याकडे ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणतात. भय गेले की ब्रह्मराक्षसही जातो, आणि भयावर उभी केलेली श्रद्धाही त्याच्याबरोबर जाते.

शिवाय दोन गोष्टींचा विचार केला पाहिजे. ‘लेफ्ट बिहाइंड’ची कल्पना ज्या शिकवणुकीवर उभी आहे, ती शिकवणूक जॉन नेल्सन डार्बी याने एकोणिसाव्या शतकात मांडली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधून ती अमेरिकेत घरोघर पोचली. कॅथलिक व इतर अनेक मंडळ्या ती मानीत नाहीत. वाचक मात्र कादंबरीतील घटनाक्रम हाच बायबलचा घटनाक्रम समजू लागतो. तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात स्पष्ट आहे. जिथे मूळ ग्रंथाने रहस्य राखले, तिथे कादंबरीने वेळापत्रक दिले.

दुसरी गोष्ट आपल्या देशात अधिक जवळची आहे. पेरेटींच्या कादंबरीत दुरात्मे गावात शिरतात ते महाविद्यालयातील एका प्राध्यापिकेच्या आणि पौर्वात्य पद्धतीच्या ध्यानधारणेच्या वाटेने. अमेरिकन वाचकाला हे दूरचे भय असेल. पण आमच्या आळीत शेजारचे काका पहाटे उठून ध्यानाला बसतात, आषाढात वारीला जातात, आणि आमच्या घरी कोणी आजारी पडले तर पहिली गाडी तेच जुंपतात. त्या कादंबरीचा चष्मा लावून त्यांच्याकडे पाहावयाचे तर काय दिसेल? ज्या वचनावरून कादंबरीचे नाव घेतले, ते इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील आहे, आणि आपले झगडणे माणसांशी नाही असाच त्याचा रोख आहे. नाव तेथून घेतले आणि संशय मात्र माणसांवर नेला, असे खेदाने म्हणावे लागते.

तरीही या लेखकांना न्याय दिला पाहिजे. पेरेटींनी प्रार्थनेला कथेचे इंधन बनविले. चार म्हाताऱ्या बाया गुडघे टेकतात म्हणून युद्धाचा रंग पालटतो, ही कल्पना सुंदर आहे. ‘लेफ्ट बिहाइंड’मध्ये ब्रूस बार्न्स नावाचे पात्र आहे. तो स्वतः चर्चमधील उपदेशक, आणि तोच मागे राहिलेला. आपली श्रद्धा केवळ नोकरीपुरती होती हे त्याला कळते. त्या पानांवर ही लोकप्रिय कादंबरीही क्षणभर नाथानाची गोष्ट होते. दुर्दैवाने पुढची शेकडो पाने विमाने, कारस्थाने आणि ख्रिस्तविरोधकाची सत्ता यांत जातात.

कसोटी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अशा कथा वाचून श्रद्धा वाढते की घटते? माझ्या मते पुस्तक मिटल्यावर संशय कोणावर उरतो, हे पाहावे. साध्या रहस्यकथेत तो कोणावरच उरत नाही. खुनी सापडलेला असतो. भयावर आधारलेल्या धार्मिक कादंबरीत तो शेजाऱ्यावर उरतो, परक्यावर उरतो, आणि आपण सुटलो याचे एक समाधान वाटते. चेस्टरटन आणि ग्रीन यांच्या कथेत मात्र तो वाचकावर येतो. मनोऱ्यावरून खाली पाहणारा मी तर नव्हे? कोठडीत इतरांचा धिक्कार मागणारी ती धर्मशील बाई माझ्यातच तर बसलेली नाही?

अशा परिणामाला वेळ लागतो. ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ मी शब्दकोश बाजूला ठेवून महिनाभर वाचली. वाचून धस्स वगैरे काही झाले नाही. पण त्यानंतर उपासनेला बसलो की आमच्या वाडीवरचे एक गृहस्थ आठवू लागले. ते पीत असत, म्हणून मंडळीत शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराशी बसत. पण कोणाच्या घरी मयत झाले की रात्रभर प्रेताजवळ तेच बसत, आणि पहाटे खड्डा खणायलाही तेच पुढे होत. त्यांच्यासाठी प्रार्थनेत नाव घ्यावे असे आता वाटते, आणि ते नाव घेताना आपण त्यांच्यापेक्षा वरच्या पायरीवर उभे नाही असेही वाटते. हा बदल लहान आहे, पण तो दोन आठवड्यांत ओसरलेला नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. पापी माणसालाच नायक केले तर पापाचे आकर्षण वाढणार नाही काय? आक्षेप गंभीर आहे. पण ग्रीनने त्या धर्मगुरूच्या दारूचे कोठेही कौतुक केलेले नाही. त्या दारूची किंमत तो पानोपानी मोजतो. ‘ब्रायटन रॉक’ (१९३८) मध्ये तर सतरा वर्षांचा पिंकी नरक मानतो, पण क्षमेकडे वळत नाही, आणि त्याचे चित्र अंगावर काटा आणते. नुसती धर्माची माहिती माणसाला वाचवीत नाही, हेच तेथे दिसते.

मराठीत काय?

मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपरा जुनी आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली आणि ती मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. विधवांच्या दुःखाचे तिच्यातील चित्रण मोलाचे आहे. परंतु ग्रंथकाराचा हेतू पहिल्यापासून उघड असल्याने उत्कंठेला फारसा वाव नाही. खरी उत्कंठा आढळते ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नी काही वर्षे दुरावली. ती पुन्हा एकत्र येतील काय, हा प्रश्न वाचकाला पानामागून पान उलटायला लावतो. येथे खून नाही, गुप्तहेर नाही. एका स्त्रीचे मन काय ठरविते एवढेच रहस्य आहे. लक्ष्मीबाईंनी ते हसत-हसवीत सांगितले आहे आणि कोणावरही डूख धरलेला नाही.

मराठी ख्रिस्ती जीवनावरची चांगली रहस्यकथा मात्र माझ्या वाचनात अजून आलेली नाही. आपल्या खेड्यातील मंडळी, तेथील मानपान, मिशनच्या जमिनीवरून होणारे तंटे, जात विसरलो म्हणताना न विसरलेली जात, आणि या सगळ्यांत कधी कधी दिसणारी अवचित दया, हे सारे अशा कथेला पुरेसे आहे. ती लिहिणाऱ्याने वाचकाला घाबरवू नये एवढीच अपेक्षा. देव भावाचा भुकेला, ही म्हण आमच्याही घरात रोज बोलली जाते.

घरच्या वडीलधाऱ्यांना मी आता एवढेच सांगू शकतो की, पुस्तकात खून आहे की नाही यावरून त्याची पारख करू नये. दावीदाच्या गोष्टीतही खून आहेच. ती गोष्ट संपताना राजा सिंहासनावर ताठ बसून राहिला नाही, आपले पाप त्याने कबूल केले, यात तिचे मोल आहे. आपल्या ग्रंथालयात फादर ब्राऊनच्या कथा आणि ग्रीनच्या या दोन कादंबऱ्या आहेत. विद्यार्थिमित्रांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, त्या जरूर वाचाव्यात, आणि वाचल्यावर आपल्याला कोण आठवले ते एकमेकांना सांगावे.